एकोणतीसचा पाढा

ठकीच्या बाबांना वाकून नमस्कार.

आधी श्वास सोडा. तुम्ही आजोबा झालात! नात आहे, दोघी सुखरूप. ठकी जरा फिकट दिसते, पण जेवते पोटभर.

कळ आली की पोर माझी बोटं आवळायची आणि एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणायची. "हिला जन्मात यायचा नाही," म्हणायचात ना तुम्ही? दर कळेला साताशी अडखळायची. शेवटच्या कळेला मात्र सुसाट सुटली. सुईण ओरडली, "बये, पाढा राहू दे, जोर लाव!"

"मावशी, दाहे राहिलंय!" म्हणाली, आणि दोनशे नव्वदला नात बाहेर!

माझी बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं. वेळेवर जेवता ना?

नातीला पाढे शिकवायला या. छडी मात्र चुलीत घालून या.

तुमची,
ठकीची आई