आतल्या खोलीतला दिवा

९ जून, नांदूरघाट

आलो एकदाचा! उद्यापासून कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचं. घर मिळालं पाशाभाईंचं, ते फळं विकतात. पुढची खोली उन्हानं भाजून निघते, पण आतली, दोन पायऱ्या खालची, थंडगार. ती द्यायला मात्र तयार नव्हते. म्हणाले, सर, फरशीखाली पेव हाय, जवारी साठवायचा जुना खड्डा. अवकाळीत पाणी शिरलं, जवारी कुजली, तिची वाफ लई वंगाळ. कुजक्या ज्वारीला भिणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला! किल्ली घेतलीच. रविवारी बायको तेजश्री आणि आमची चिऊ येतील. पोर घामोळ्यांनी हैराण आहे, इथं निवांत झोपेल.

१० जून

खोलीत एक डास नाही. मेलेली झुरळं तेवढी सुपलीभर निघाली. पाशाभाईंच्या मते तेही पेवामुळेच. या माणसाला दात दुखला तरी पेवच आठवत असेल.

१२ जून

डोकं जड. पाणी बदललं की होतं.

पाशाभाईंची आई अजमतबी दुपारी दिवा घेऊन आली. म्हणे, पेवात उतरायच्या आधी दिवा सोडत्यात, इजला की कुणी उतरत न्हाई. तिनं तो फरशीवर ठेवला. विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. वर कोनाड्यात मात्र जळत राहिला. मी म्हटलं, वाऱ्यानं विझला. तिनं विचारलं, खिडकीच न्हाई, मग वारं कुठून आलं? आता हिला काय शिकवणार! दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. अकरावीच्या पोरांनाही हे कळतं.

१३ जून

फरशीवर झोपलेलं मांजर सकाळी मेलेलं सापडलं. म्हातारं असेल. पाशाभाई म्हणतात, वर्षाचंबी नव्हतं. मग आजारी असेल! लेकराला आमच्या माडीवर निजवा म्हणून हात जोडत होते. मी म्हटलं, तुमची फळंही कुजतात, तेव्हा गाव सोडून पळता का? मजा आली.

१४ जून

दोघी आल्या. तेजश्रीनं खाली निरांजन लावलं, विझलं. लगेच अजमतबीचं ऐकून चिऊला घेऊन पुढच्या खोलीत झोपली. एम.ए. झालेली बाई! कीव आली.

मी आत, बाजेवर. डोकं फार दुखतंय.

१५ जून, दुपार

तेजश्री बाजारात गेलीय. जाताना बजावून गेली, चिऊला आत नेऊ नका. पण पोर घामानं रडत होती. आत खाली गोधडीवर निजवलं, आतून कडी लावली, झोपली लगेच. एरवी तासभर छळते. बघू दे आता तिच्या आईला.

काडी पेटवून खाली नेली. विझली. वर पेटते. काड्या दमट आहेत.

चिऊचे ओठ जांभळे दिसतात. पाशाभाईंनी सकाळी जांभळं दिली होती — तीच —

हाक मारली. उठत नाही. गाढ झोप. प्रवासाचा शीण.

उचलायला वाकलो — खोली फिरली. कसाबसा बाजेवर. सकाळपासून उपाशी, म्हणून — भीती वाटतेय. उगाच.

तेजश्री दार बडवतेय. चिऊचं नाव घेऊन — कडी दूर आहे — पाय —

आधी एक काडी. विझली. दुसरी. दमट आहेत. सगळ्याच्या सगळ्या दम