टोपलीची दोरी

मार्गशीर्ष वद्य षष्ठी. अमळनेर, धर्मशाळा.

धुळ्याला बदली झाली हा काही माझा गुन्हा नाही. पण मांजरं बरोबर घ्यायची हा हट्ट हिचाच. मनी आणि तिची दोन पिलं एका टोपलीत, वर दुसरी टोपली पालथी, दोरीने आवळलेली. चोपडा सोडल्यापासून नुसता आक्रोश! डोकं उठलं.

तापी ओलांडली आणि मनी टोपलीतून निसटली. उडी मारून नेमकी बैलांपुढून आडवी गेली. गाडीवान नानांनी कासरा ओढला.

"मांजर आडी गई, मास्तर. आते पहिले दुसरं कोनी जाऊ द्या."

"अहो नाना, आपलीच मांजर ती!"

"तुमनी शे म्हनीसन काय व्हयनं?" तुमची असली म्हणून काय झालं, हा नानांचा सवाल.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. पिलांच्या आवाजाने मनी आपणहून परत आली, तरी नाना जागचे हलेनात. तास गेला. मी हिच्यावरच भडकलो. साधी दोरी बांधता येत नाही? तेही नानांदेखत. नको होतं बोलायला.

ही खाली उतरली, पदर खोचला आणि मनी आडवी गेली ती जागा ओलांडून एकटी पुढे चालत गेली. पहिला जाईल त्यालाच अपशकुन लागतो, हे हिला ठाऊक नाही का? "अक्का, तुम्ही कशाले?" म्हणत नानांनी गाडी हाकली.

आता मनीपुढे दूध ठेवते आहे. माझ्याशी अबोला.

दोरी हिने घट्टच बांधली होती. तापीवर बैल पाणी पीत होते तेव्हा तो आक्रोश ऐकवेना, म्हणून मीच ती सैल केली. इथे लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.