समुद्राकाठचं तीर्थ

मु. अंगापूर, जिल्हा सातारा
कार्तिक वद्य पंचमी, सन १९४६

तीर्थरूप नाथाजीमामा यांच्या पायावर ज्ञानूचं डोकं. हितं आमी समदी बरी हाय. आईचा दमा थंडीबरोबर आला, थंडीबरोबरच जाईल. थोरल्या दादाचा ऊस माज्या डोक्यावर गेलाय (म्हंजी उंचीनं, कामानं त्यो माज्या डोक्यावर कवाच नव्हता) आन् म्हस आटली. तुमचा गुडगा कसा हाय त्ये कळवावं. सुलामामींची पाठ कशी हाय त्येबी कळवावं. आन् विहिरीवरच्या त्या वेलीचं काय झालं त्ये तर नक्की कळवावं, कारन ह्ये पत्र तिच्यासाठनंच लिवतोय.

पत्र तुमची राही वाचत असंल. तुमास्नी अक्षरवळख न्हाई आन् मणेराजुरीत दुसरं कुनी माजं अक्षर वाचू शकत न्हाई, म्हनून तिलाच कष्ट. लढाईत दोन वर्सं तुमची पत्रं तितं मी लिवली आन् हितं तिनं वाचली, तिची मी वाचली, तवा तिला सवं हाय. तिला म्हनावं दमानं वाच. मला तिसरीतनं शाळेतनं काडला (दुपारीच घंटा वाजवून समद्या शाळेला घरी धाडलं, येवडाच गुन्हा), म्हनून जितं अडंल तितं आपल्या मनानं घाल.

मी आता सातारा-कोरेगाव सर्विस मोटारीवर डायवर हाय. परवा मोटारीत येक आत्याबाई बसल्या, सातारच्या कचेरीतल्या लालासाहेब कारकुनाच्या. समद्या मोटारीला सांगत व्हत्या, की येत्या रविवारी आमचा लालासाहेब मणेराजुरीला पोरगी बघाय जानार, नाथाजी नायकाची. चांगलं हाय. सरकारी नोकरी हाय, छत्री हाय. मला काय त्येचं. (आत्याबाईस्नी उतरायचं व्हतं त्या फाट्याच्या म्होरं दीड मैलावर मोटार थांबली. बिरेक लागंना. कवाकवा लागत न्हाई.)

तर त्या दिवशी मोकळी मोटार घेऊन परत येताना मला येकदम त्यो दिवस आठवला. आठवला म्हंजी, घाटाच्या वळनावर खाली समुद्र दिसंल आसं वाटलं. दिसली हरभऱ्याची रानं. मामा, तुमाला आसं व्हतं का वो? तितं व्हतो तवा डोळं मिटलं की कृष्णाकाठ दिसायचा, आता कृष्णाकाठी बसलोय तर इटलीचा समुद्र दिसतोय. मान्साला जितं असंल तितलं दिसायची सोयच देवानं केली न्हाई.

लढाई सपून म्हैना झाल्ता. येक दिसाची सुट्टी मिळाली, आन् तुमी, मी आन् मानदेशाचा कोंडीबा धनगर, आसं तिगंजन नेपल्समधनं भाड्याची मोटार करून निगालो. पलटनीच्या लारीतनं न्हाई, खाजगी मोटारीतनं, सायबावानी. डायवर म्हातारा व्हता, नाव दोमेनिको, कोंडीबानं त्येचा दामूनाना केला. भाडं म्हंजी सिगरेटी आन् दुधाचं डबं. निगता निगता डाक आली, त्येच्यात राहीचं पत्र व्हतं. मी म्हनलं, "काका, वाचू का?" (तवा तुमास्नी समदी पलटन काका म्हनायची, मीबी.) तुमी पत्र छातीच्या खिशात घाटलं आन् म्हनला, "हितं नगं. येकदम समुद्रावर बसून वाचू. घरचं मानूस घिऊन फिराय गेल्यावानी हुईल."

आता ती मोटार. तिला दारं तीन व्हती, चौथ्या जागी सुंभ बांधल्याला. रस्ता आपल्या पसरणीच्या घाटावानी, निस्ती वळनं, फकस्त वाई असायची तितं समुद्र. आन् दर वळनाला दामूनानाचा येक पावना. कुटं चुलतभाव, कुटं साडू, आन् समद्यांचा धंदा येकच, द्राक्षाची दारू. (राही, हितनं फुडं जरा बारीक आवाजात वाच. मामी चुलीपाशी असतील.)

पयला पावना म्हंजी दामूनानाची भन. त्यो धूर टाकनारा डोंगर हाय न्हवं, त्येच्या पायथ्याला तिचं तळघर. आत गारवा, मोठमोठी लाकडी पिपं, आन् भिताडात कोनाडा. कोनाड्यात लेकराला मांडीवर घेतल्याली त्यांची देवी, म्होरं दिवा, दोन फुलं. म्हातारीनं गिलास भरला आन् पयला तुमाला दिला, तुमच्या मिशा पांढऱ्या म्हनून. तुमी गळ्यातली तुळशीची माळ हातात धरून मागं सरकला. म्हातारीचं तोंड उतरलं. तवा मी तुमच्या कानात बोललो, "काका, देवीम्होरं देत्याय. तीर्थ हाय. न्हाई म्हनू ने."

मामा, आज कबूल करतो, त्ये मी मस्करीनं बोल्लो. मला काय ठावं तुमी खरं धराल. तुमी बूट काडलं. उजव्या हाताची वाटी केली, खाली डावा हात लावला आन् डोळं मिटून उबं ऱ्हायला. म्हातारीला काय कळंना, पर तिनं गिलासातनं थेंब थेंब तुमच्या तळव्यात सोडलं. तुमी प्यालासा, आन् वला हात डोक्यावरनं पार मानंपतोर फिरवला, आपन फिरवतो तसा. आन् ती म्हातारी रडाय लागली. दामूनाना सांगत व्हता (हातानंच, भाषा कुनाला येत व्हती), तिची दोन पोरं लढाईत गेली, आन् तिच्या दारूला येवडा मान आजवर कुनी दिला न्हाई. मग तिनं आनी येकदा वतलं. तीर्थ येकदाच घेत्यात का तीनदा ह्यावर तुमी आन् कोंडीबा वाद घालत व्हता, तवर पाच येळा झालं. मला त्या दिसापास्नं तुमची मस्करी करताना जीब अडती.

(मामी, तुमी ऐकलंच असंल तर ध्यानात घ्या, मामांनी दारू कवाच प्याली न्हाई. तीर्थ घेतलं. कोंडीबा साक्षीला हाय. त्येची मेंढरं औंदाबी तुमच्याच रानात बसाय आली असतील, इचारून घ्या.)

तितनं आमी त्या राखंखाली गाडल्याल्या गावात गेलो. दोन हजार वर्सांमागं डोंगर फुटला आन् आख्खं गाव जितल्या तितं झाकलं, आता उकरून काडलंय. मला वाटलं व्हतं राजवाडं असतील. व्हती आपलीच घरं. रस्त्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या, भट्टी, आन् येका आंगनात दगडी जातं, कमरंयेवडं. तुमी त्येच्यावर हात फिरवत लय येळ उबं ऱ्हायला. वाट दाखवनारा मानूस येवडी माडी, तेवडं देऊळ सांगत व्हता, आन् तुमी मला म्हनला, "ज्ञानू, ह्येला इचार, राख पडाय लागली तवा दावनीची जनावरं कुनी सोडली व्हती का?"

मी हातवारं करून इचारलं. म्हंजी कानाला शिंगं लावली, हंबारलो, दावं कापून दाखवलं. त्येला वाटलं मी प्यालोय. त्येनं खुनंनं सांगितलं, येक कुत्रं साखळीला तसंच मेलं. तुमी टोपी काडली. त्या तापल्या उनात डोकं उगडं, आन् डोक्यावर ग्वाड तीर्थ वाळल्यालं, मग काय, गांधीलमाशा आल्या. दोन हजार वर्सांच्या मढ्यांच्या गावातनं आमी मोटारीपतोर पळत आलो, म्होरं तुमी, मागनं माशा, त्येंच्या मागनं कोंडीबा घोंगडं फिरवत. (इटलीत ऐन उनाळ्यात घोंगडं कशाला आनलंस आसं त्येला समदी इचारायची. तवा कळलं कशाला.)

दुसरा पावना समुद्राच्या अगदी कडंला. दगडी कठड्यावर बसलो, पाय खाली सोडलं, खाली निळं पानी. त्येच्याकडंबी कोनाडा व्हता, तुमी आता स्वताच बगत व्हता कोनाडा हाय का, आन् असला की मुकाट्यानं बूट काडत व्हता. तितं तुमी खिशातनं पत्र काडून मला दिलं. मी वाचलं. म्हस व्याली, पारडी झाली. विहिरीला पानी बरं हाय. आई म्हनती तंबाखू कमी करा. तुमी समुद्राकडं बगून "हं, हं" करत व्हता आन् मिशीवरनं पानी गळत व्हतं. सपलं म्हनून मी पत्राची घडी केली.

मामा, सपलं नव्हतं. खाली येक ओळ व्हती ती मी गिळली. ती अशी, की "पत्र लिवनाऱ्यास्नी सांगावं, तुमचं अक्षर मुंग्या पळाल्यावानी दिसतंय." दीड वर्स अक्षर काडतोय, कुनी येक शबुद बोल्लं न्हवतं. मी समुद्राकडं बगितलं, त्यो येगळाच दिसाय लागला. आन् तितंच मी तुमाला म्हनलं, "चला मामा, उनं उतरली." तुमी म्हनला, "चल भाच्या." कोंडीबानं येकदा माज्याकडं बगितलं, येकदा तुमच्याकडं, आन् लबाडावानी घोंगड्यात तोंड घालून हसला. त्यो धनगर हाय खरा, पर आपली नाती त्येला तुमच्यापरीस चांगली कळत्यात.

तिसऱ्या पावन्याकडं (साडूची सून) तुमचं डोकं बगून ती बाई किंचाळली. लाल तीर्थ घामाबरोबर कपाळावरनं कानामागनं गळत व्हतं, तिला वाटलं रगात. आमी सांगस्तवर तिनं तुमाला खुर्चीत दाबलं, धुतल्याली चादर टराटरा फाडली आन् डोस्क्याला ह्ये येवडं मुंडासं बांधलं. तुमी म्हनला, "असू दे, मायेनं बांधत्याय." आन् नेपल्सच्या वेशीवर लाल टोपीवाल्या गोऱ्या पोलिसानं मोटार अडवली. आमी तिगं बिनपरवान्याच्या रस्त्यावर, मोटारीतनं पिपासारका वास, दामूनाना दिवाळीवानी हसतोय. मी मनात म्हनलं, गेली बाहीवरची फीत. तवर गोऱ्यानं तुमच्याकडं बगितलं. लाल डागाचं मुंडासं, मिटल्यालं डोळं, पांढरी मिशी, पुटपुटनारं ओठ (तुमी हरिपाठ म्हनत व्हता). गोऱ्यानं खटदिशी बूट जुळवलं, सलाम ठोकला आन् सोडलं. आख्ख्या लढाईत तुमाला गोऱ्याचा सलाम तेवडाच मिळाला, आन् तुमी झोपला व्हता.

त्याच सुनंनं निगताना तुमाला वल्या फडक्यात येलाची काडी बांधून दिली. ती तुमी पेटीत घालून बोटीतनं आनली आन् विहिरीवर लावली. लोक हसली असतील, जवारीच्या रानात द्राक्षं कसली म्हनून. मला त्या येलाची येक काडी पायजे. आमच्या दारात लावतो. सर्विस मोटार रात्री उबी करून घरी आलो की तितं बसंन. बाकी काय न्हाई, येवड्यासाठनंच पत्र. मोठ्यास्नी नमस्कार, बारक्यास्नी आशीर्वाद.

तुमचा,
ज्ञानू

ता. क. — काडी टपालानं धाडू ने, वाळंल. मी स्वता शनिवारी येतोय. संगं आई आन् थोरला दादा असतील. येका काडीला येवडी मानसं कशाला आसं इचाराल, तर आमच्याकडं तशी रीत हाय.

ता. क. दुसरा — मामा, समदी पलटन तुमाला काका म्हनत व्हती आन् मी येकटाच त्या कठड्यापास्नं मामा म्हनाय लागलो, ह्येचं तुमाला कवाच नवल वाटलं न्हाई का? काकाची पोरगी म्हंजी भन. मामाच्या पोरीचं काय असतंय त्ये सुलामामींना इचारा. तुमी "चल भाच्या" म्हनला व्हता, शुद्दीत, दोनच पावन्यांकडं तीर्थ घिऊन. बाईनं डोकं बांधलं त्येच्या आदी. मला छत्री न्हाई, पर मोटारीला छप्पर हाय. रविवारी सातारची मानसं येतील तवा आमी तितंच असू, त्येंच्याच संगं च्या घिऊ. आन् चौथ्या पावन्याकडं काय झालं त्ये मी ह्या पत्रात मुद्दाम लिवल्यालं न्हाई. घरात बोलावलं तर तुमच्या कानात सांगीन. न्हाई बोलावलं तर दुसरं पत्र लिवावं लागंल, आन् त्येबी राहीच मोठ्यांदा वाचंल.

ता. क. तिसरा — राही, ही ओळ मोठ्यांदा वाचू नगंस. त्या कठड्यावरच तुज्या आबांचं उत्तर लिवताना मी खाली माजी येक ओळ घाटली व्हती, "मुंग्या गुळाकडंच पळत्यात." फुडल्या पत्रात तू लिवलंस, "गुऱ्हाळ अजून लागायचं हाय." आमच्याकडं परवापास्नं गुळाचं चुलवान पेटलंय, वाऱ्यावर वास येतोय. तुमच्याकडं लागलं का, येवडंच कळीव. न्हाई लागलं आसं लिवलंस तर मी निस्ती काडी घिऊन माघारी जाईन, आन् चौथ्या पावन्याचं कुनाला सांगनार न्हाई. आता आबा इचारतील, थांबलीस का. त्येंना म्हनावं, पत्र सपलं.