बिनउंबऱ्याचं दार

२९ ऑक्टो. ५६, सोमवार. सौसर
सकाळी गॅरेजचं पत्र्याचं दार निखळून अंगणात पडलं. चौकट वाळवीने खाल्लेली, बिजागरी नुसती हातात आली. गॅरेज कसलं, घरमालकांची बैलबंडी ठेवायची जुनी खोली. तोंड उत्तरेला. आमचा ड्रायव्हर श्रावण कमरेवर हात ठेवून बघत उभा. "बाई, पडलं ते बेस झालं. असंही ते काय अडवून राह्यलं होतं?"

खरंच आहे. गेल्या पौषात मोहगावहून पहाटे बोलावणं आलं, तेव्हा त्याच दाराच्या फटींतून आलेल्या वाऱ्याने माझ्या मोटारीचं इंजिन दगड होऊन बसलं होतं. गरम पाणी ओतलं, हँडल मारून मारून श्रावणचे तळहात सोलले. दीड तास. बंडीने गेले असते तर आधी पोचले असते. पोचले तेव्हा सगुणा गेली होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. रक्त थांबवता आलं असतं. मला आलं असतं.

या पौषाच्या आत नवं दार. वारा आत येऊ न देणारं आणि एका धक्क्यात उघडणारं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

१ नोव्हें., गुरुवार
आजपासून राज्य नवं. कालही मध्यप्रदेश, आजही मध्यप्रदेश. मधल्यामध्ये नागपूर गेलं मुंबईकडे आणि आमची राजधानी गेली भोपाळला. पेशंट नेहमीचेच. एक खरूज, दोन खोकले, एक सासूबरोबर भांडण.

दादाचं नागपूरहून पत्र: आता तिकडे कशाला राहतेस, परराज्यात एकटी, दवाखाना बंद कर, इथे धंतोलीत खोली बघून ठेवतो. खाली ताजा कलम: दारच बसवायचं तर लोखंडी शटर घे, आजकाल सगळे घेतात. म्हणजे राहूही नकोस आणि शटरही घे.

उत्तर दिवाळीनंतर.

६ नोव्हें., मंगळ.
पांढुर्ण्याला जाऊन शटर पाहिलं. एका संत्र्याच्या आडत्याच्या गोदामाला आहे. सकाळी आठला हात लावला तर बोटं बधिर झाली. वर ढकलायला दोन गडी, आवाज असा की गाव जागं व्हावं, खालून चार बोटं फट. लोखंड नको.

आडत्या म्हणाला, "बाई, थंडी अडवाची असन तं लोखंड नाही, तनस पाह्यजे." संत्र्याच्या पेटाऱ्यात तो खालीवर तणस, म्हणजे वाळका पेंढा, भरतो, थंडीत माल टिकतो म्हणे. परतताना तिगावच्या रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा श्रा. एकदम म्हणाला, "मानसाले गोधडी लागते, मोटारीले काहून नाही?" बारा वर्षांत त्याने पहिल्यांदा माझ्या आधी विचार केला. ठरलं: सागवानी फळ्यांचे दोन थर आणि मध्ये जिनिंगमधला टाकाऊ कापूस ठासून. गोधडीचं दार. कापूस आणि पेट्रोल शेजारी, तेव्हा शेगडी मात्र आत कधीच न्यायची नाही.

१० नोव्हें., शनि.
मोहगाव. गणबाजी सुतार. उभ्या तालुक्यात ज्याचं दार पावसाळ्यात फुगत नाही असा हा एकच. आणि सगुणेचा सासरा. रस्त्यात दोनदा वाटलं, श्रा.ला म्हणावं, वळव.

म्हातारा ओसरीवर रंधा मारत बसलेला. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मला बोलता यायला हवं होतं. मी कागदावर चित्र काढून आणलं होतं: दोन उभ्या रेघा, वर एक आडवी, मध्ये दोन फळ्या. त्यांनी कागद बराच वेळ धरून ठेवला, मग विचारलं, "पूजेले जोडपं कोन बसन?" मी एकटी, मी कुठली बसणार. म्हटलं, शेजारचे मास्तर आणि त्यांची बायको बसतील. "बरं." इतकंच. चहासुद्धा आला, सगुणेच्या सासूबाईंनी आणला. माझ्याकडे बघितलं नाही.

२७ नोव्हें., मंगळ.
दार नाही. निरोप: लाकूड अजून बोलून राह्यलं, पुरतं वाळलं नाही, घाई करू नका. लाकूड बोलतं, सुतार बोलत नाही.

११ डिसें., मंगळ.
अजून नाही. पहाटे धुकं. दवाखान्याच्या भिंतीवरचा थर्मामीटर काढून गॅरेजात टांगला. आत आणि अंगणात एकच आकडा. फुटक्या पत्र्याला पोती बांधून दिवस काढणं चाललं आहे.

मनात येतं ते लिहून टाकते: म्हातारा मुद्दाम उशीर करतोय. तू माझ्या घरी उशिरा आलीस, घे आता. त्यांनी तसं केलं तर मला तक्रारीला तोंड नाही. तरी उद्या श्रा.ला पाठवते. लाज वाटून घ्यायला पौष संपल्यावर वेळ आहे.

१२ डिसें., बुध.
श्रा. गेला आणि हसत आला. म्हणे, दोन्ही फळ्या तयार आहेत, म्हातारा रोज तेल पाजतो. कापूस सासूबाईंनी स्वतः पिंजून भरला. मग उशीर कशाला? "त्यायले इचारलं नाही, बाई. त्यायचं तोंड पाहून हिंमत नाही झाली."

२३ डिसें., रवि.
दोन दिवस पांढुर्ण्याकडे मूल आडवं आलेल्या एका बाळंतपणात. आई-मूल दोन्ही ठीक. झोपेने मरत दुपारी घरी पोचले तर दार बसलेलं.

काय दार आहे. तेलाने चमकतंय, एका बोटाने ढकललं तरी हलतं, मिटलं की फळ्यांमधून सुई जाणार नाही. वर हळदीकुंकू, आंब्याचं तोरण. मास्तरांनी पूजा उरकलेली. मी तोंडभर हसले, श्रा.ने गाडी वळवली, पुढे घेतली, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

चौकटीला उंबरा. चांगला सहा बोटं उंच, दगडचुन्यात पक्का गाडलेला सागवानी उंबरा. गाडीचं पुढचं चाक त्याला टेकून उभं.

गणबाजी अजून तिथेच होते, हत्यारं पुसत. म्हटलं, चित्रात खालची रेघ नव्हती. ते म्हणाले, "नव्हती. मले वाटलं, तुमची काढाची राह्यली. मी घातली."

मी हसावं की रडावं. मोटार आत कशी जायची ते सांगा म्हटलं. "मोटार बाहेर ठेवा. बिनउंबऱ्याचं दार मी आजलोक केलं नाही."
"मग तोडा."
"पूजा झाली त्याची. तोडाचा असन तं तुम्ही तोडा, बाई. माह्या हातानं होनार नाही." आणि गेले.

गाडी अंगणात, ताडपत्रीखाली. आत गॅरेजात ऊब आहे आणि कोणीच नाही.

२७ डिसें., गुरु.
बोरगावचं बोलावणं, उजाडताना. पाऊण तास हँडल. बाई वाचली, माझ्यामुळे नव्हे, तिथल्या म्हाताऱ्या दाईमुळे. तिने माझ्याकडे पाहिलं ते लिहीत नाही.

दादाचं दुसरं पत्र. उघडलं नाही. पौष बुधवारी लागतो.

२९ डिसें., शनि.
आज पेशंट नाहीत म्हणून सांगितलं आणि करवत मागवली. मास्तरीणबाई कुंपणावरून: "अहो, निदान पौष जाऊ द्या, उंबरा कापतात का कुठे?" पौष जाऊ द्यायचा नाही म्हणूनच कापतेय, म्हटलं.

श्रा.ने धरलं, मी ओढलं. पंचवीस वर्षं चिरफाड केली, पण सागवान हाडाहून चिवट. एक टोक निम्मं कापलं तेव्हा खांदा भरून आला. वर बघितलं तर गणबाजी उभे. बिजागरीला तेल घालायला म्हणून मोहगावहून चालत आलेले.

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ते खाली बसले. मग म्हणाले, "सुनेले घरातून नेली ना, तवा उंबऱ्याजवळ कोनाचाच पाय अडखळला नाही. सपाट झाला होता आमचा उंबरा, जुना. तवापासून जितके दारं केले, उंबरा दोन बोटं जास्तच उंच करून राह्यलो. येनाऱ्यानं अडखळलं पाह्यजे, बाई."

येणारा म्हणजे मरण, ते विचारायची गरज नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "गणबाजी, तो नाही अडखळत. मी अडखळले. दीड तास." आणि मग, अकरा महिने जे बोलायचं होतं ते: "मला माफ करा."

त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मग माझ्या हातातून करवत घेतली. "असं नाही ओढत. तुमच्यानं तिरपा जाऊन राह्यला." उरलेलं आणि दुसरं टोक त्यांनी स्वतः कापलं, पाच मिनिटांत, सरळ.

मी रडले. श्रा. गाडीचं काही तरी पुसायला गेला.

३० डिसें., रवि.
गणबाजी रात्री इथेच राहिले, मास्तरांच्या ओसरीवर. आज दिवसभर काम. कापलेला उंबरा टाकला नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाचा केल्या. उंबरा वरून त्यात बसतो, मिटलेल्या दाराला आतून घट्ट भिडतो, खाली कापसाची वळी, फट बंद. मोटार काढायची की दोन हातांनी उचलून बाजूला. तो काढल्याशिवाय फळ्या आत उघडतच नाहीत. एका फळीतच कापलेल्या लहानशा दिंडी दारातून माणूस आत जातो, उंबरा उचलतो, मग फळ्या.

"आता हाय बी अन् नाही बी," गणबाजी म्हणाले. समाधान झालेलं दिसलं नाही. जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मीही लावला. श्रद्धा नाही माझी. पण लावला.

२ जाने. ५७, बुध.
पौष लागला. पारा: आत आणि अंगणात नऊ अंशांचा फरक. इंजिनावर श्रा.ची जुनी गोधडी. तो मला सांगतो, माझी बायको माझ्यासाठी असं कधी करत नाही.

दादाचं पत्र उघडलं. खोली मिळालीय, पंधरा तारखेच्या आत कळव, नाहीतर दुसऱ्याला जाईल. स्वयंपाकघर उजेडाचं आहे म्हणे. नागपूरला लहानपण गेलं, आठवण येते, खोटं का बोलू. दारासाठी माणसाने गावात राहायचं का?

९ जाने., बुध. (तुरीच्या शेतात, गावाचं नाव नंतर)
पहाटे साडेपाचला दाराशी घोंगडीतला म्हातारा, चालत आलेला. सून, कालपासून कळा. बाहेर तुरीच्या शेंगांवर दहिवर पांढरं. श्रा. दिंडीतून आत, उंबरा बाहेर, फळ्या एका धक्क्यात. हँडल. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. श्रा. आणि मी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, दृष्ट लागेल म्हणून. पंचवीस मिनिटांत इथे.

पायाळू आहे. आणि रक्त जातंय, थोडं, पण जातंय. औषध दिलंय. नागपूरला न्यायची वेळ आलीच तर मोटार दाराशी तयार आहे. परराज्य असो की काही असो. अजून तासभर बघायचं ठरवलं. गेल्या वर्षी हा तास मला मिळाला नव्हता. आता मिळालाय, तर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघते आहे. दाराने मला इथवर आणलं, पुढचं दाराच्या हातात नाही.

घाईत गॅरेज तसंच सताड टाकून आलो, उंबरा अंगणात आडवा. दादाचं पत्र बॅगेत आहे, पंधरा तारीख सहा दिवसांवर.

सासू दोनदा विचारून गेली, सून झोपली का म्हणून. नाही झोपली. जागी आहे, माझा उजवा हात घट्ट धरून ठेवलाय, म्हणून अक्षर असं. डाव्या हाताने लिहिते आहे.