नवव्या पानावरचा वेल

५ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. विशेष असं की मी ठीक आहे, गुडघा ठीक नाही आणि तुझ्यावर मी भयंकर चिडले आहे.

डिंकी दोन गुरुवार चहाला आली नाही. पंचावन्न वर्षांत ती ताप आल्याशिवाय चुकलेली नाही, म्हणून काल मीच तिच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले. ती पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होती. मला बस म्हणाली नाही. तुझ्या फुलांच्या दुकानासाठी छापलेल्या ‘फुलांची भाषा’ पुस्तिकेची एक प्रत उचलली, नववं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.

गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे निर्मळपणा, इथवर ठीक. त्याखाली तो जांभळ्या पट्ट्यांचा लोंबता वेल, दर दुसऱ्या दवाखान्याच्या खिडकीत असतो तो. नाव दिलंयस ‘भटका ज्यू’. पुढे छापलंयस: ‘याला घर नसते, मुळे नसतात, टेकतो तिथली जागा बळकावतो. अर्थ: हाव आणि दगा. मित्राला भेट देऊ नये.’

अशा तीनशे प्रती. सगळ्या डिंकीने दुमडल्या, शिवल्या, चिकटवल्या. ज्यू घरातली बाई ती. तिच्या माणसांना दिलेली शिवी तू तिच्याच सुईने शिवून घेतलीस.

या नावामागची गोष्ट मला पाठ आहे. शाळेत सिस्टर सांगायच्या: खांद्यावर क्रूस घेऊन मरणाला निघालेल्या एका माणसाला कुणा ज्यू जोडे शिवणाऱ्याने दारात टेकू दिलं नाही, म्हणून तो युगानुयुगं फिरतच राहिला. त्या कल्पित माणसापायी खऱ्या माणसांना गावोगाव हाकललं. आधी घराबाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, बघा कसे भटकतात. जमीन घेऊ द्यायची नाही आणि म्हणायचं, यांना मुळंच नाहीत. डिंकीच्या आजोबांपासून ते दुकान त्याच गल्लीत आहे. तुझ्या बापाने चार घरं बदलली, त्याच्या नावाचं रोप मी अजून पाहिलेलं नाही.

मी प्रूफं तपासली तेव्हा हे पान त्यात नव्हतं, हे छातीठोकपणे सांगते. तू ते मागाहून घुसडलंस. उरलेल्या प्रतींतून ते फाड आणि डिंकीची माफी माग.

आशीर्वाद आहेतच, या खेपेला थोडे राखून ठेवले आहेत.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. नमस्कार. रागावू नकोस असं लिहीत नाही, त्याचा आजवर उपयोग झालेला नाही.

पान मागाहून घुसडलेलं नाही. सगळा मजकूर तुझ्याच पुस्तकातला आहे. शाळेत पाठांतराचं बक्षीस म्हणून तुला मिळालेलं, दुकान उघडलं तेव्हा तू मला दिलेलं. सोबत नवव्या पानाचं प्रूफ पाठवते. ‘हाव’पुढचा स्वल्पविराम तू तांबड्या शाईने उडवलायस आणि खाली सही केलीयस. शेवटच्या पानावर ‘मुद्रितशोधन: आत्या’ हे मीच हौसेने छापलं.

मला ती जुनी गंमत वाटली होती. गुच्छ बांधून होईतो गिऱ्हाइकं चाळतात, हसतात. पण परवा एक बाई या वेलाची कुंडी परत घेऊन आल्या. पुस्तिका वाचली म्हणाल्या, असल्यांची सावली घरात नको. तुमची बाइंडिंगवाली त्यांच्यातलीच ना, असंही विचारलं. मी मुकाट्याने दुसरी कुंडी काढून दिली. तेव्हापासून जेवण जात नाही.

पान फाडायला घेऊ का, ते लगेच कळव.

ओरड हवी तितकी, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी ठमी


१४ मार्च

प्रिय तांबडी शाई,

नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचं प्रूफ पोचलं. कबुली दिलीस ते बरं केलंस, पण पुराव्याची गरज नव्हती. शेवटच्या पानावर तुझं नाव होतं. शिवताना तीनशे वेळा दिसलं.

मजकुराचं मला नवल नाही. असली पुस्तकं माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे बांधायला येतात. नवल तुझं वाटलं. तू ते वाचलंस आणि तुला फक्त स्वल्पविराम खुपला. सिस्टरची गोष्ट संपली की सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायचा, आठवतं? तूही बघायचीस. बाक एकच होता आपला, म्हणून तुला मान फार वळवावी लागत नसे, एवढंच.

पान फाडायचं म्हणतेस, ते करू नकोस. कागद दुमडून मधोमध शिवलेला असतो. एक पान ओढून काढलं की पलीकडचं त्याचं जोडीदार पान सुटतं, आणि मग सगळी पुस्तिका ढिली पडते. शिवाय फाटलेल्या जागी काय होतं, हे कुणालाच कळत नाही. पान राहू दे. त्याचं काय करायचं ते तुझ्या दौतीला विचार.

गुडघ्याला शेक घे. बाकीचं भेटीत बघू.

डिंकी


२२ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद, राखून ठेवलेल्यांसकट. घुसडल्याचा आरोप मी मागे घेते. चाळीस वर्षं लोकांच्या चुका पकडून पगार घेतला, आणि माझ्याच मैत्रिणीला दिलेली शिवी मी नीटनेटकी करून छापायला पाठवली. पण म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस.

तू पाठवलेल्या प्रती मिळाल्या. रोज डिंकीच्या टेबलापाशी बसून त्या ओळींवर रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘हे खोटं आहे. मी हे वाचलं होतं आणि जाऊ दिलं.’ खाली पूर्ण सही. पहिल्या दिवशी डिंकी माझ्याकडे पाठ करून पुस्तकं शिवत राहिली. दुसऱ्या दिवशी एक प्रत उचलून न्याहाळली आणि म्हणाली, अक्षर उतरणीला लागलंय, घाई असेल तर घरी जा. मी ती ओळ पुन्हा लिहिली.

दुकानातून गेलेल्या प्रतींचं काम तुझं. ज्यांना दिल्यास त्यांच्या घरी स्वतः जा. त्या कुंडीवाल्या बाईंकडे सगळ्यांत आधी. त्यांना सांग की हो, बाइंडिंगवाली त्यांच्यातलीच आहे, आणि आमच्या घरातलीही आहे. गिऱ्हाईक तुटलं तर खुशाल तुटू दे. तोंड उघडलंस की जेवणही जाईल.

काल शेवटची प्रत संपली. मी निघाले, तर डिंकीने तिच्या खिडकीतल्या कुंडीतून त्याच वेलाची फांदी खुडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मित्राला भेट देऊ नये, हे मला आठवलं आणि मी गडबडले. तिला ते कळलं. म्हणाली, वाचलंय मी तीनशे वेळा. दर गुरुवारी हिचं पाणी बदलायचं आणि मग चहा टाकायचा. सुकवलीस तर दुसरी मिळणार नाही.

फांदी ओट्यावरच्या पेल्यात आहे. आज गुरुवार. पाणी बदललं, आधण ठेवलंय, आणि जिन्यात पावलं वाजतायत म्हणून पत्र इथेच आवरते.

तुझी आत्या