झोटवाड्यातला धूर आणि बाबांचं नाक

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. आज सकाळी माझ्या हातून पुन्हा तेच पाप झालं, म्हणून लिहायला बसले. मुक्ता गच्चीच्या दारात मान वर करून हुंगत होती, अगदी तुमच्यासारखी. म्हणाली, "मम्मा, मकानमालिक अंकल फिर से वायर जाळतायत." सहा वर्षांची पोर! आणि तिची ही आई काय म्हणाली? "गप बस, तुझं नाक चोंदलंय." बिचारीने लगेच नाकाला हात लावून बघितला.

शी! मला माझ्याच तोंडाची किळस आली.

तुमची सगळी नोकरी बंदरावर क्रेन चालवण्यात गेली. जहाज धक्क्याला लागायच्या आत तुम्ही वासावरून सांगायचात, कोळसा आहे, गंधक आहे की खत. पावसाळ्यात काय स्वच्छ हवा असायची तिथे! पण दिवाळी झाली, वारा पडला, की कोळशाची भुकटी वस्तीवरच बसून राहायची. दोरीवरचे कपडे काळे, दुधावर काळी साय, आणि शिमग्यापर्यंत तुमचा खोकला.

म्हणूनच ना, आई गेल्यावर मी तुम्हाला इकडे आणलं? फोनवर किती तोऱ्यात म्हटलं होतं, "बाबा, जयपूरला या. इथली हवा कोरडी, छातीला बरी!" एवढी अक्कल मला कुठून सुचली होती कोण जाणे.

उन्हाळ्यातल्या आँधीला तुम्ही मुळीच घाबरला नाहीत. दातांत रेती कचकचायची, पोळ्यांवर पिवळा थर, आणि तुम्ही म्हणायचात, "अगो, माती ती. चूळ भरली की गेली."

थंडी पडली आणि खरं जयपूर दिसलं. धूर वर जाईच ना! आमच्या झोटवाड्याच्या चौकात टायर पेटवून शेकत बसलेली माणसं, मागच्या गल्लीत कारखान्यांचा कचरा धुमसतोय. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. तुळशीची पानं चिकट. पडदे भिजवले तर बादलीत गटाराचं पाणी. आणि कोणाला लाज नाही, बाबा, कोणाला म्हणजे कोणाला नाही! मफलर तोंडावर ओढायचा आणि "सर्दी में तो होता ही है" म्हणायचं.

तुम्ही मात्र रोज सकाळी गच्चीत उभं राहून मुक्ताला धूर ओळखायला शिकवायचात. "हा टायर. हा गादीचा कापूस. आणि हे वायरवरचं प्लास्टिक. आतलं तांबं काढतंय गो कोणीतरी." ते कोणीतरी म्हणजे आपले घरमालक, आणि जाळतात घरामागच्या शेडमध्ये, हे तुम्ही चार दिवसांत शोधलंत.

मी सतरा वेळा बजावलं, बोलू नका. यांची बँकेतली बदली वर्षा-दोन वर्षांत येणारच, कशाला वाकड्यात शिरायचं? बदलीची माणसं आम्ही. तीन गावं झाली, एकाही गावातलं काही आम्हाला आपलं वाटलं नाही, घाणसुद्धा नाही.

मागच्या संक्रांतीला तुम्ही ऐकलं नाहीत. अख्खी गल्ली पतंग उडवायला गच्च्यांवर, मी तिळगूळ वाटत होते. तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत घरमालकांना सगळ्यांसमोर विचारलंत, "भाईसाब, वो वायर आप जलाता है ना? बच्चा लोग खाँसता है." भाईसाबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी हसले, बाबा. हसत म्हटलं, "पिताजी की उमर हो गई है, भाईसाब. नाक काम नहीं करती."

सगळे खो-खो हसले. तुम्हीही हसलात, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर तुम्ही एकदाही वास ओळखला नाहीत. मुक्ता विचारायची, "आजोबा, आज काय जळतंय?" तुम्ही म्हणायचात, "मला नाही गो बाय कळत आता." अहो, रागवायचं तरी होतंत! बंदरावर मुकादमाला फाडून खाणारे तुम्ही, माझ्यापुढेच का गप्प बसलात?

दोन महिन्यांत छाती भरली आणि गेलात. डॉक्टर म्हणाले, वयच झालं होतं. मी चटकन मान डोलावली. किती सोयीचं होतं ते!

उद्या पुन्हा संक्रांत. भाईसाबांच्या घरून फिणी, इथली संक्रांतीची मिठाई, आलीय, ती तशीच ओट्यावर पडून आहे. सकाळनंतर मुक्ता दिवसभर गच्चीवर फिरकली नाही. संध्याकाळी मीच विचारलं, "काय गं, कसला वास येतोय?" खाली मान घालून म्हणाली, "मुझे क्या पता. मेरी नाक खराब है ना."

तुमचं तोंड मी सत्तराव्या वर्षी बंद केलं. हिचं सहाव्या वर्षीच!

यांना सांगितलं, उद्या मी बोलणार. म्हणाले, "घर सोडायला लावतील." म्हटलं, लावू देत. एक बदली आपल्या मर्जीने होईल.

उद्या गल्ली जमली की मी मुक्ताला कडेवर घेऊन भाईसाबांसमोर उभी राहणार आहे. त्यांची वायर, त्यांची शेड, सगळं सांगणार आहे. पण त्याच्या आधी सांगणार आहे की माझ्या वडिलांचं नाक शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं आणि खोटं मी बोलले होते. हे वचन, बाबा. या वेळी हसणार नाही.

तुमची भित्री लेक,
सुमी