मेलेला माणूस गाण्यात कसा?

दांडेकर पूल, पुणे
ता. ७ फेब्रुवारी २००६, मंगळवार

मैना हिस शालनचा जय भीम.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो तू इथे राहत होतीस तेव्हाही दुखायचा, त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. आमच्या राकेशला चाकणला रात्रपाळी लागली. शनिवार पेठेतल्या मेसमध्ये अजून मीच पोळ्या लाटते. जेवायला आता सगळी कॉम्प्युटरवाली पोरं, तव्यावरची पोळी ताटात पडायच्या आत पुढची मागतात. भाऊजींचा खोकला कसा आहे? लिफ्टची भीती गेली का तुझी?

चौथीपर्यंतची माझी शाळा, पत्र लिहायचं म्हणजे घाम फुटतो. तरी लिहिते, कारण फोन केला की तुझी ती नवी शेजारीण उचलते. बरोबर आपल्या मालिकेच्या आधी. "मैनाताई भजी तळताहेत. काय काम होतं?"

काम! वीस वर्षांत आपल्या दोघींत कधी काम होतं का गं?

आता मालिकेचं. विश्वंभरची गाडी घाटात पडली, फोटोला हार घातला, बायको पांढऱ्या साडीत कोपऱ्यात बसली, तेव्हा तू माझ्याकडे बसून पदराने डोळे पुसत होतीस. मी काय म्हणाले? वेडे, हा जिवंत आहे. रोज सुरुवातीचं गाणं लागतं त्यात अजून याचा चेहरा येतो. मेलेल्या माणसाला गाण्यात ठेवून पगार कोण देतं? तू म्हणालीस, गाणं बदलायचं राहिलं असेल. मग पैज लागली. हरणारीने सुकटीचं कालवण करायचं, नेहमीसारखं. त्यानंतर तुझ्या संजयने लांब मांजरी गावात फ्लॅट घेतला, तुम्ही गेलात, आणि पैज तशीच लोंबकळत राहिली.

गेल्या आठवड्यात विश्वंभर निघाला की नाही जिवंत? मठात, दाढी वाढवून. मी टाळी वाजवून ओरडले. समोर भिंत. म्हटलं आता मैनाचा फोन येईल. जेवण झालं, भांडी झाली. नाही आला.

परवा बुधवार पेठेत तुझी पायल भेटली. कानात घालायच्या वायरी घ्यायला आली होती. म्हणाली, "शालनमावशी, आई फेमस झालीये आमच्या सोसायटीत! विश्वंभर जिवंत आहे हे तिने आधीच सांगितलं होतं, गाण्यावरून. शेजारच्या राजनंदिनीकाकू पैज हरल्या, सगळ्यांना आइस्क्रीम दिलं त्यांनी."

"गाण्यावरून कोणी ओळखलं?"

"आईने."

"हो का. हुशार आहे हो तुझी आई."

पोरीला काय बोलणार? तिचा काय दोष?

वा गं मैने. डोकं माझं, पैज तिच्याशी आणि आइस्क्रीम तुझ्या घशात. सुकटीचं नाव काढू नकोस हो तिथे, राजनंदिनीबाईंना वास यायचा. नाव तरी बघा, राजनंदिनी. तिचा मुलगा म्हणे कंपनीत बसून कॉम्प्युटरवर पुढची गोष्ट आधीच वाचतो. मग बघायचं कशाला? आपण शनिवार-रविवार नळावर वाद घालायचो, हंडे भरून वाहायचे, मागच्या बायका शिव्या द्यायच्या. सोमवारी आपलं खरं निघालं की काय वाटायचं! ते तिला आइस्क्रीममध्ये मिळणार आहे का?

हॉल मोठा आहे म्हणे तुझा. बाबासाहेबांचा फोटो लावलास ना? का सोसायटीत खिळे ठोकू देत नाहीत?

चोवीस तारखेला शुक्रवारी शेवटचा भाग आहे. मी काही म्हणत नाही, ज्याचा त्याचा टीव्ही. राकेश रात्रपाळीला असतो. घरात मी एकटीच असते. एवढंच कळवायचं होतं.

शालन


दांडेकर पूल
ता. १९ फेब्रुवारी, रविवार

मैने,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पायलचं आहे, शिव्या तुझ्या आहेत. बरं वाटलं.

फोटोचं मी लिहायला नको होतं. तू भांडी मांडायच्या आधी फोटो लावलास. दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या तिघी घर बघायला आल्या, भिंतीकडे बघितलं, आणि चहा नको म्हणाल्या, उपास आहे म्हणाल्या. तिघींना एकदम उपास! मग दोन महिने तुझं दार कोणी वाजवलं नाही, आणि हे तू मला फोनवर एकदाही बोलली नाहीस. "मस्त चाललंय शालन, चोवीस तास पाणी आहे." मी इथे त्या पाण्यावर जळत होते.

मग ती राजनंदिनी आली. तिची केबल बंद पडली होती म्हणून आली, फोटोखाली बसली, चहा प्यायली, अजून अर्धा कप मागितला. ती उठून जाऊ नये म्हणून तू माझं गाण्याचं सांगितलंस. तिने जाऊन बाकीच्यांना ओढून आणलं, "चला, मैनाताई काय काय ओळखतात ते ऐका." आता त्या उपासवाल्यासुद्धा तुझी भजी खातात.

वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. मला त्या बाईचा राग करायचा होता गं. इतके दिवस जपून ठेवला होता. आता तो कुठे नेऊन टाकू? ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

तुझ्या घराचा मला हेवा नाही. पाण्याचा आहे, थोडा. पण तू कुठेतरी पोट धरून हसतेस आणि मला ते ऐकू येत नाही, हे मला सोसत नाही. झालं, लिहून टाकलं. पायलला हे मोठ्याने वाचू देऊ नकोस.

आता तू लिहितेस की शुक्रवारी सगळ्या तुझ्याकडे जमणार, आणि विचारताहेत, विश्वंभरला मठात लपवलं कोणी? शेवट कॉम्प्युटरवरसुद्धा आलेला नाही. "माझं डोकं चालत नाही, शालन, तुला माहीत असेल, कळव." लाज कशी नाही वाटत?

माहीत आहे. घे.

आईने लपवलं. त्याच्या सख्ख्या आईने. सगळ्यांचा संशय धाकट्या भावावर आहे, असू दे. फोटोला हार घातला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा भाग आठव. म्हातारी रडतेय, आणि रडता रडता सुनेला म्हणते, लोणचं वाढ. पोरगा गेलेली बाई लोणचं मागत नाही, मैने. राकेशचे बाबा गेले तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन पेज भरवत होतीस आणि मी थुंकत होते. ही बोटं चाटून जेवली. म्हणजे पोरगा कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.

हे सगळ्यांसमोर सांग. भाग लागायच्या आधी सांग. तुझं म्हणून सांग. त्या तिघींना पुढे बसव.

आणि मी येते आहे. तू बोलावलंस म्हणून नाही, शेवटचा भाग आहे म्हणून. मेसमध्ये सांगून ठेवलंय, शुक्रवारी पोरांनी पाव खावा. मी तिथे एक शब्द बोलणार नाही. त्या म्हणतील, मैनाताई काय हुशार, आणि मी मान डोलवेन. कितपत जमेल सांगता येत नाही, तेव्हा भजी माझ्यापुढे जरा जास्त ठेव, तोंड भरलेलं राहील.

राजनंदिनी तुझ्या शेजारीच बसत असणार. ती जागा मला लागेल. तिला नीट सांग, तोडून बोलू नकोस, बाई चांगली आहे. पण उठव.

तुझी, तिच्या आधीपासूनची,
शालन